खोपोलीच्या पाण्यातून नक्की काय काढून घेतात?

पाण्यातून वीज काढली की पाण्याचा कस जातो, ते शेताला घालू नये, असं ठामपणे सांगणारी माणसं आजही भेटतात. म्हणून खोपोलीबद्दल लिहितोय. टाटांचं हे जलविद्युत केंद्र मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवायला 1915 मध्ये सुरू झालं आणि आजही वीज बनवतंय, आपल्या औद्योगिक वारशातली ही फार मोठी गोष्ट आहे.

लोणावळा, वळवण, शिरोता इथलं पाणी भीमेच्या खोऱ्यातलं, म्हणजे बंगालच्या उपसागराकडे जाणारं. ते घाटमाथ्यावर अडवून पश्चिमेला वळवलं आणि पाइपातून सुमारे 500 मीटर खाली सोडलं. घर्षण सोडून दिलं तर खाली नोझलमधून निघताना त्याचा वेग ताशी 350 किलोमीटरच्या आसपास असतो!

ही धार पेल्टन चाकावर आदळते, आणि खरी कमाल इथेच आहे. चाकाला सपाट फळ्या लावल्या तर पाणी बाजूला उडून जातं, जास्तीत जास्त निम्मी ऊर्जा हाती लागते. अमेरिकेतल्या लेस्टर पेल्टनने 1880 मध्ये पेटंट घेतलं ते जोडवाट्यांचं. दोन वाट्यांच्या मधल्या कण्यावर धार दुभंगते, वाटीच्या आतून वळते आणि जवळजवळ उलट्या दिशेला बाहेर पडते. आता समजा धारेचा वेग सेकंदाला 100 मीटर आणि वाटीचा बरोबर निम्मा, 50. वाटीच्या दृष्टीने पाणी 50 ने आलं आणि 50 ने मागे गेलं, पण वाटी स्वतःच 50 ने पुढे चाललीय, त्यामुळे जमिनीवरून बघणाऱ्याला पाण्याचा वेग उरतो शून्य, म्हणजे सगळी गतिज ऊर्जा चाकाला मिळाली. (प्रत्यक्षात थोडा वेग ठेवावाच लागतो, नाहीतर पाणी वाटीतून निघणार कसं?)

म्हणजे पाण्याने गमावली ती फक्त उंची. क्षार, खनिजं जिथल्या तिथे. एक घनमीटर पाण्यामागे जास्तीत जास्त 1.36 युनिट वीज मिळते, आणि तेच पाणी धबधब्यातून पडलं असतं तर ही ऊर्जा उष्णता होऊन पाणी एखाद अंशाने तापलं असतं, बस. केंद्रातून सुटलेलं पाणी पुढे पाताळगंगेत जातं आणि पिण्यालाही वापरतात.

आक्षेप घ्यायचाच तर वेगळे आहेत आणि ते खरे आहेत. टाटांच्याच मुळशी धरणात जमिनी जाणार म्हणून 1921 पासून मावळच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तरी जमिनी गेल्याच. आणि पूर्वेकडे भीमा खोरं तहानलेलं असताना हे पाणी कोकणात किती सोडायचं, हा वाद अजून मिटलेला नाही.