इंग्रजीतील दुर्मिळ शब्द

कोशात नोंद आहे, पण बोलण्यात किंवा छापील मजकुरात सहसा भेटत नाहीत, अशा इंग्रजी शब्दांना दुर्मिळ शब्द म्हणतात. काही शब्द जुने होऊन मागे पडलेले असतात, काही एखाद्याच लेखकाने एकदाच वापरलेले असतात, काही एखाद्या धंद्यापुरते टिकून असतात, आणि काही तर कोशाच्या पानाबाहेर कधी आलेलेच नसतात. शब्द दुर्मिळ म्हणून वस्तूही दुर्मिळ असते असे मात्र नाही. बुटाच्या नाडीच्या टोकाला जी प्लॅस्टिकची किंवा धातूची छोटी नळी असते तिला 'ॲग्लेट' म्हणतात. दोन भुवयांमधल्या जागेला, म्हणजे आपण कुंकू किंवा गंध लावतो त्या जागेला, 'ग्लॅबेला' म्हणतात. नळी रोज हाताळली जाते आणि ती जागा रोज आरशात दिसते, पण इंग्रजी मातृभाषा असलेल्या अनेकांनाही ही नावे ठाऊक नसतात.

दुर्मिळता कशी मोजायची याची रीत ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने घालून दिली. या कोशाचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती 1928 मध्ये पुरी झाली. वापरातून गेलेल्या शब्दाआधी तिथे कट्यारीच्या आकाराची खूण असते. 'दुर्मिळ' या शेऱ्याला जोडून उणे एक छापले असेल, तर त्या शब्दाचा एकच दाखला हाती लागला आहे असे समजायचे. उणे शून्य असेल, तर प्रत्यक्ष वापराचा एकही दाखला नाही, शब्द फक्त आधीच्या कोशांतून उतरत आला आहे. कोशकाराने आपल्या पुराव्याचा हिशेब इतक्या प्रामाणिकपणे वाचकापुढे मांडावा, ही मोठी गोष्ट आहे.

इतके शब्द मुळात आले कुठून? त्याचे मोठे कारण सोळाव्या शतकात आहे. त्या काळी इंग्लंडमधल्या पंडितांनी लॅटिन आणि ग्रीकमधून शब्दांची भरमसाट आयात केली. विरोधकांनी त्यांना 'इंकहॉर्न' म्हणजे दौतीतले शब्द असे हिणवले. टॉमस विल्सन याने 1553 च्या आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात अशा भाषेची टर उडवण्यासाठी एक बनावट पत्रच छापले. आज ते वाचताना नवल वाटते. त्यातला 'प्रचंड' या अर्थाचा 'इन्जेन्ट' पार नाहीसा झाला, पण त्याच पत्रातला 'सेलिब्रेट' आता मराठी घरांतल्या वाढदिवसांपर्यंत पोचला आहे. दोन्ही शब्द तेव्हा सारखेच परके आणि सारखेच अवघड होते. कोणता रुजणार आणि कोणता वाळणार हे विल्सनला सांगता आले नसते.

या अवघड शब्दांसाठीच इंग्रजीतले पहिले एकभाषिक कोश तयार झाले. शाळामास्तर रॉबर्ट कॉड्री याचा 'अ टेबल अल्फाबेटिकल' 1604 मध्ये निघाला. त्यात साधारण 2,500 शब्द होते, आणि तेही फक्त कठीण. साधे शब्द लोकांना येतातच, ते कशाला द्यायचे, असा तेव्हाचा विचार. पुढे 1623 मध्ये हेन्री कॉकरम याने आपला कोश काढला. त्यात लॅटिनवरून बेतलेले असे कित्येक शब्द आहेत की ते दुसऱ्या कोणी वापरल्याचे दिसत नाही.

त्यांतला एक शब्द मात्र जपून ठेवावा असा आहे: 'ॲप्रिसिटी'. कॉकरमने त्याचा अर्थ दिला तो हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. लॅटिनमध्ये 'ॲप्रिकस' म्हणजे उन्हातला, ऊन लागणारा. थंडीच्या दिवसांत सकाळी ओट्यावर पाठ उन्हाकडे करून बसलेल्या माणसाला जे मिळते, ते हे. शाल हळूहळू खांद्यावरून उतरते, पण उठवत नाही. आपण 'कोवळे ऊन' म्हणतो, पण ते बाराही महिने सकाळी पडते, आणि त्या शब्दात उन्हाचे वय आहे, ऊब नाही. इंग्रजांच्या देशात या उबेची किंमत आपल्यापेक्षा जास्त, तरी त्यांनी हा शब्द सोडून दिला. अलीकडे शब्दप्रेमी तो पुन्हा वापरू लागले आहेत.

उलट काही शब्द चुकीतूनच जन्मतात. भाषाशास्त्रज्ञ वॉल्टर स्कीट याने 1886 मध्ये त्यांना 'घोस्ट-वर्ड', म्हणजे भूतशब्द, असे नाव दिले. सर्वांत प्रसिद्ध भूतशब्द 'डॉर्ड' हा होय. अमेरिकेत वेबस्टरच्या मोठ्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी रसायनशास्त्राच्या संपादकाने 1931 मध्ये एक चिठ्ठी पाठवली. मोठा किंवा लहान 'डी' हे घनतेचे, म्हणजे 'डेन्सिटी'चे, संक्षिप्त रूप आहे, एवढेच त्याला सांगायचे होते. चिठ्ठीवर टाइप केले होते 'डी ऑर डी'. कोशाच्या चिठ्ठ्यांवर मुख्य शब्दाची अक्षरे सुटी सुटी टाइप करायची पद्धत होती. त्यामुळे मधले 'ऑर' दोन्ही 'डी'ना चिकटले आणि चार अक्षरांचा एक शब्द तयार झाला. त्याला उच्चार दिला गेला, नाम म्हणून वर्ग दिला गेला, आणि 1934 मध्ये 'डॉर्ड म्हणजे घनता' असे छापून आले. 1939 मध्ये एका संपादकाला या नोंदीत व्युत्पत्तीच नाही हे दिसले, तेव्हा शोध सुरू झाला. पुढे 1947 मध्ये तो शब्द काढून टाकण्यात आला. व्युत्पत्तीचा रकाना किती मोलाचा असतो, हे या एका नोंदीवरून कळावे.

व्युत्पत्तीत कधी अख्खी गोष्ट दडलेली असते. 'अल्ट्राक्रेपिडेरियन' म्हणजे आपल्या समजेपलीकडच्या विषयावर मत ठोकून देणारा. निबंधकार विल्यम हॅझलिट याने 1819 मध्ये संपादक विल्यम गिफर्ड याच्यावर झोड उठवताना तो छापला. त्याचे मूळ रोमन लेखक प्लिनीने सांगितलेल्या कथेत आहे. चित्रकार अपेलीस आपले चित्र मांडून मागे लपून लोकांचे बोलणे ऐकत असे. एका चांभाराने चित्रातल्या वहाणेची चूक काढली, आणि अपेलीसने ती सुधारली. दुसऱ्या दिवशी तोच चांभार पायाच्या चित्रणालाही नावे ठेवू लागला, तेव्हा अपेलीस बाहेर आला आणि म्हणाला, वहाणेच्या वर जाऊ नकोस. कथा चांभाराला हसण्यासाठी सांगतात, पण त्याची पहिली सूचना बरोबर होती आणि चित्रकाराने ती मानली होती, हे विसरू नये.

'ओव्हरमॉरो' हा शब्द कव्हरडेलने भाषांतरित केलेल्या 1535 च्या इंग्रजी बायबलात आहे. अर्थ परवा, येणारा. इंग्रजीने तो टाकला आणि त्या जागी चार शब्दांची मोळी बांधली. आपला 'परवा' मागेही जातो आणि पुढेही.

नुसत्या लांबीसाठी घडवलेल्या शब्दांना फार महत्त्व देण्याचे कारण नाही. 1935 च्या सुमारास फुफ्फुसाच्या एका विकाराला जाणूनबुजून 45 अक्षरी नाव देण्यात आले, ते यातलेच. दुर्मिळ शब्दांचा खरा अभ्यास होतो तो अमेरिकेत 1925 पासून चालणाऱ्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेत. 2019 मध्ये तिथे आठ मुले संयुक्त विजेती ठरली, त्यांपैकी सात भारतीय वंशाची होती. त्यांना विचारलेल्या शेवटच्या शब्दांत पाणपक्ष्यांच्या बोटांमधल्या पडद्याचे नाव 'पलामा' होते, तसेच थेंबाच्या आकाराच्या लोलकाचे 'पेंडलॉक'.

नवे शब्दही दुर्मिळांत जमा होतात, पण काही तिथून वर येतात. ऑस्ट्रेलियातील संशोधक इझाबेल बेअर आणि रिचर्ड टॉमस यांनी 1964 मध्ये 'नेचर' नियतकालिकात 'पेट्रिकॉर' हा शब्द मांडला. ग्रीकमध्ये पेट्रा म्हणजे खडक आणि आयकोर म्हणजे देवांच्या नसांतून वाहणारा द्रव. कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की येणारा वास, म्हणजे आपला मृद्गंध, त्यांना अभिप्रेत होता. खडकांतून त्यांनी पिवळसर तेल ऊर्ध्वपातनाने काढले, आणि भारतात असे मातीचे अत्तर आधीपासून तयार होते याची नोंदही लेखात केली. कनौजला आजही भाजलेल्या मातीच्या चकत्या तांब्याच्या देगीत घालून तो वास चंदनाच्या तेलात उतरवतात.