वाटेत सेल्फ लागला नाही तर: बॅटरी बदलण्याआधी हे बघा

लांबच्या प्रवासाहून परतलेली मोटरसायकल आमच्या गॅरेजमध्ये येते तेव्हा पुष्कळदा तिच्यात कोरी करकरीत बॅटरी असते आणि तक्रार मात्र जुनीच. वाटेत सेल्फ लागला नाही, कुणीतरी "बॅटरी गेली" म्हणालं, ती बदलली आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बंद. आमच्या ग्राहकांवर ही वेळ येऊ नये म्हणून हे पत्रक काढलं आहे. सीटखाली घडी करून ठेवा.

आधी बटण दाबून नीट ऐका. टकटकटक असा भराभर आवाज आला तर रिले (बटण दाबल्यावर बॅटरीचा करंट सेल्फ मोटरला जोडणारा स्विच) ओढला जातोय, पण मोटर फिरवण्याइतका करंट पोचत नाही. म्हणजे बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकदाच 'टक' होऊन शांत झाली तर संशय रिलेच्या पॉइंटवर किंवा सेल्फ मोटरवर. काहीच आवाज नाही, पण मीटरचे दिवे लागतात, अशा वेळी किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच), साइड स्टँड, न्यूट्रल आणि क्लचचा स्विच बघा. सामान बांधताना किल स्विचला हात लागून तो बंद होणं अगदी नेहमीचं आहे.

मग टर्मिनल. दिवसभर खराब रस्त्याचे हादरे बसले की बोल्ट ढिले होतात. हाताने हलवून बघा. जराही हललं तर घट्ट करा. पांढरी किंवा हिरवट भुकटी जमली असेल तर काढून, घासून पुन्हा बसवा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. हा क्रम पाळला की पॉझिटिव्हवरचा पाना चुकून चासीला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

एक छोटा मल्टिमीटर सोबत असूच द्या. आमच्या मते तो जादा ट्यूबइतकाच गरजेचा आहे. साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर इंजिन बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती भरलेली आहे. 12 च्या खाली आला तर उतरली आहे. आता गाडी चालू करून रेस थोडी वाढवा. साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. आकडा 12 च्या घरातच राहिला तर चार्जिंग होत नाही, आणि नवी बॅटरी घातली तरी तीही उतरणारच. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवाक्यात ठेवणारा भाग) बिघडला आहे. तसंच चालवलं तर बॅटरी उकळते आणि बल्ब उडतात.

चार्जिंग नसेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायरचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) शोधा. रेक्टिफायर म्हणजे कॉइलचा एसी करंट बॅटरीसाठी डीसी करणारा भाग, तो रेग्युलेटरसोबत एकाच डब्यात असतो. पुष्कळ गाड्यांत मॅग्नेट कॉइलकडून (इंजिन फिरताना वीज तयार करणारी कॉइल) येणाऱ्या तीन पिवळ्या वायरी त्यात जातात. एका ग्राहकाने एकाच प्रवासात दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. आम्ही कपलर उघडला तेव्हा एका पिवळ्या वायरीभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं आणि आतली पिन काळी पडली होती. सैल पिन तापते, तापली की आणखी सैल होते. कॉइल आणि रेक्टिफायर दोन्ही ठणठणीत होते. अशी पिन दिसली तर इंजिन बंद करून ती वायर कापा, काळा भाग काढून टाका, थेट जोडा आणि टेप गुंडाळा. घरी पोचेपर्यंत काम भागतं.

फ्यूज उडाला तर तितक्याच अँपिअरचा घाला. जास्तीचा नको, आणि चांदी (सिगारेटच्या पाकिटातला चमकता कागद) किंवा तार तर अजिबात नको. फ्यूज वाचतो पण वायरिंग जळतं. पुन्हा लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. आधी जादा लावलेले लाइट आणि मोबाइल चार्जर काढून बघा. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. स्टिअरिंगजवळ वायरी रोज वाकतात, तिथे आवरण घासून तांबं उघडं पडतं.

ढकलून चालू करायची असेल तर दुसरा गिअर बरा. मात्र फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर पंपाची क्षणभराची गुणगुण ऐकू येते का बघा. बॅटरी पार बसल्यामुळे पंपच फिरत नसेल तर ढकलून दम काढू नका. कारवरून जंप द्यायचा (कारच्या बॅटरीला वायरी जोडून गाडी चालू करायची) तर कारचं इंजिन बंद ठेवा.

चार्जिंग बंद असूनही पुढच्या गावापर्यंत जायचंच असेल तर दिवसा निघा, जादा लाइट आणि चार्जर बंद ठेवा आणि वाटेत इंजिन बंद करू नका.

आम्हाला फोन कराल तेव्हा तीन गोष्टी सांगा: बटण दाबल्यावर कसला आवाज येतो, इंजिन बंद असताना किती व्होल्ट, आणि रेस दिल्यावर किती. एवढं कळलं की पुढे काय उघडायचं ते आम्ही फोनवरच सांगू शकतो.