रिमोट डिव्हाइस मॅनेजमेंट गेटवे (सोलापूर परिसर)

कारखान्यातले, पंपहाऊसमधले किंवा शेतातले मीटर, पीएलसी (मशिन चालवणारा कंट्रोलर), ड्राइव्ह (मोटारीचा वेग सांभाळणारं उपकरण) दुसरीकडे बसून बघता यावेत, त्यांची सेटिंग बदलता यावी म्हणून जागेवर बसवलेला मधला बॉक्स. एका बाजूला उपकरणांची वायर, दुसऱ्या बाजूला इंटरनेट. सोलापुरात याचा संबंध मुख्यतः अक्कलकोट रोड आणि चिंचोली एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांशी आणि पाणी उपशाशी येतो. उजनीपासून शहरापर्यंतची जलवाहिनीच शंभर किलोमीटरच्या वर आहे, त्यामुळे लांबून देखरेख ही इथं चैन नाही.

उगम

याबद्दल एकमत नाही. नेटवर्कवाले लोक मूळ थेट इंटरनेटच्या जन्मात शोधतात, म्हणजे व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांच्या १९७४ च्या लेखात दोन वेगळी नेटवर्क जोडणारा गेटवे येतो, १९८२ च्या आरएफसी ८२३ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या कामकाजाचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) त्याचं सविस्तर वर्णन आहे, पण तो गेटवे म्हणजे आजचा राउटर, त्याला मीटरशी काही देणंघेणं नव्हतं. दुसरा गट नेटवर्कवरच्या उपकरणांवर देखरेख ठेवणारा १९८८ चा एसएनएमपी आणि ग्राहकांकडचे राउटर कंपनीनं लांबून सांभाळण्यासाठीचा २००४ चा टीआर-०६९ हे प्रोटोकॉल पुढं करतो, आणि लांबून मॅनेजमेंट एवढंच बघितलं तर त्यात तथ्य आहे. तिसरा गट इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांचा. मोडिकॉन कंपनीनं १९७९ मध्ये मॉडबस, म्हणजे कंट्रोलर आणि उपकरणांनी आपसात बोलायची भाषा, आणला, आणि १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनसाठी, महागड्या सॅटेलाइट लिंकवर कमीत कमी डेटात काम भागावं म्हणून एमक्यूटीटी हा निरोप पाठवायचा प्रोटोकॉल तयार केला. हे तिसरं मत जास्त पटतं, कारण आजच्या गेटवेचे दोन्ही गुण त्यात सापडतात, जुन्या मशिनची भाषा समजून घेणं आणि आतून बाहेर स्वतः कनेक्शन उघडणं. अर्थात टीआर-०६९ मध्येही सेशन उपकरणच सुरू करतं, त्यामुळे दुसरं मत अगदीच मोडीत काढता येत नाही.

सोलापुरातला प्रसार बहुधा २०१६ नंतरचा, ४जी डेटा स्वस्त झाल्यावरचा मानावा लागतो.

वायरिंगची बाजू

साध्या यंत्रमागाला बोलण्यासारखं काही नसतंच, म्हणून तिथं पॅनेलवरच्या एनर्जी मीटरवर काम भागवतात. रॅपियर माग (धोट्याशिवाय चालणारा माग), कॉम्प्रेसर, बॉयलर, जनरेटर यांना मात्र कंट्रोलर असतो. गेटवे ३५ मिलिमीटरच्या डिन रेलवर (पॅनेलमधली धातूची पट्टी), २४ व्होल्ट सप्लायवर बसतो. लोखंडी पॅनेल आणि वर पत्रा, त्यामुळे अँटेना पॅनेलबाहेर काढावाच लागतो, आणि रुईचा थर जाळीवर बसून बॉक्स तापतो, सोलापूरच्या उन्हाळ्यात तर हे आधी बघायचं.

मीटर ते गेटवे वायर आरएस-४८५ ची (एकाच लाइनवर अनेक उपकरणं जोडायची पद्धत). लांबी १२०० मीटरपर्यंत चालते, पण लाइन एकामागून एक अशीच ओढायची, फांद्या काढायच्या नाहीत, आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. ए आणि बी या खुणा सगळे मेकर एकसारख्या लावत नाहीत, म्हणून उत्तर येईना तर सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी या दोन वायर उलटवून बघतात. मॉडबसचा पत्ता १ ते २४७ मधला, प्रत्येक मीटरचा वेगळा. मॉडबसच्या मानकात डीफॉल्ट स्पीड १९२०० आणि इव्हन पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) दिलीय, बाजारातले बरेच मीटर मात्र ९६०० आणि नो पॅरिटीवर येतात. त्यातून सुटलं की पुढच्या अडचणी म्हणजे रजिस्टरचा (मीटरमधला आकडा ठेवायचा कप्पा) नंबर एकानं मागे-पुढे असणं आणि ३२ बिटांच्या आकड्याचे दोन शब्द उलटे येणं, म्हणजे २३० व्होल्टच्या जागी काहीतरी भलताच आकडा.

बाहेरची वाट

घोडं पेंड खातं ते इथं. मोबाइल सिमला बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक आयपीव्ही४ पत्ता (बाहेरून थेट गाठता येणारा इंटरनेट पत्ता) मिळत नाही, २०१२ च्या आरएफसी ६५९८ नं सेवा कंपन्यांनी एक पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटावा यासाठी राखलेल्या १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यातला किंवा दुसरा कुठला खाजगी पत्ता येतो, मग बाहेरून आत पोर्ट फॉरवर्ड करायचा (बाहेरचं कनेक्शन आतल्या उपकरणाकडे वळवायचा) प्रश्नच उरत नाही. आणि ब्रॉडबँडवर पब्लिक आयपी मिळाला तरी करू नये, हे ठामपणे सांगायला हवं, कारण मूळ मॉडबसला पासवर्ड नावाची गोष्टच नाही, त्याचा ५०२ पोर्ट उघडा ठेवला की जगातला कुणीही रजिस्टर लिहू शकतो. २०१६ मध्ये मिराय या मालवेअरनं डीफॉल्ट पासवर्डवर लाखो उपकरणं ताब्यात घेतली, त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीत ड्यूश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर टीआर-०६९ च्या उघड्या पोर्टवरच्या हल्ल्यात बंद पडले.

म्हणून गेटवेच आतून टनेल (इंटरनेटवरून जाणारी बंदिस्त, एन्क्रिप्टेड वाट) उघडतो. जुनी पद्धत ओपनव्हीपीएन, २००१ पासूनची. नवी वायरगार्ड, जी मार्च २०२० मध्ये लिनक्स ५.६ मध्ये आली. वायरगार्ड गप्प बसला की मधला नॅट (खाजगी पत्ते पब्लिक पत्त्यात बदलणारा टप्पा) त्याला विसरतो, त्यासाठी २५ सेकंदांचा कीपअलाइव्ह (संपर्क जिवंत ठेवणारा रिकामा संदेश) टाकतात. दोन कारखान्यांत एकच १९२.१६८.१ चा पट्टा असेल तर टनेल लागूनही भलत्याच मीटरकडे जायला होतं, तेव्हा प्रत्येक साइटला वेगळा पट्टा आधीच ठरवावा, नंतर बदलायचं म्हणजे प्रत्येक उपकरणापाशी जाणं आलं.

एक बारीक गोष्ट बऱ्याच माहितीपत्रकांत सुटते, ती घड्याळाची. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये (टनेल लागताना दोन्ही बाजूंनी एकमेकांची ओळख पटवणं) वेळेचा शिक्का असतो आणि समोरची बाजू आधीपेक्षा जुना शिक्का नाकारते. बॉक्समध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसेल तर लाइट जाऊन आल्यावर तो जुन्या तारखेवर उठतो, टनेल लागत नाही, आणि वेळ आणणारा एनटीपी सर्व्हर टनेलच्या आत ठेवला असेल तर वेळ नाही म्हणून टनेल नाही आणि टनेल नाही म्हणून वेळ नाही. बघणाऱ्याला वाटतं सिम बंद पडलं. एनटीपी टनेलबाहेर ठेवणं आणि घड्याळवाला बॉक्स घेणं, एवढंच करायचं असतं, पण ते बसवतानाच.

नियम

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना ६ तासांत कळवणं, लॉग १८० दिवस ठेवणं आणि घड्याळं सरकारी एनटीपीशी किंवा त्याच्याशी जोडलेल्या एनटीपीशी जुळवणं बंधनकारक आहे.

शेतीतला वापर

सांगोला, मंगळवेढा भागात डाळिंबाच्या बागांत ठिबक आणि मोटारीसाठी बहुधा साधं सिमवालं स्टार्टर वापरतात, गेटवे त्यामानानं कमी. नेटवर्क पोचत नाही तिथं लोरा या लांब पल्ल्याच्या, कमी डेटाच्या रेडिओचा पर्याय आहे, भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक पॉवरपर्यंत विनापरवाना खुला आहे.