मेलेला बेल्ट आणि पात्याचं पाणी

माझ्या पहिल्या सुरीच्या टोकाशी निळा डाग आला, तेव्हा खरं सांगायचं तर मला तो आवडला होता. मधे मोरपंखी, कडेला जांभळट, मग तपकिरी. नागपूरजवळच्या वाडीतल्या भंगारातून आणलेला ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा, हिंगणा एमआयडीसीत एका मित्राच्या शेडमधला बेल्ट ग्राइंडर (घासायचा पट्टा फिरवणारं यंत्र) आणि चार रविवार, एवढ्यातून ती सुरी झाली होती. मोठ्या हौसेनं कळमन्याकडच्या एका लोहारकाकांना दाखवायला नेली. त्यांनी रंगाकडे फक्त पाहिलं आणि टोकावर कानस फिरवली. पोलाद कडक असतं तर कानस नुसती घसरली असती. इथे ती चावली.

"याचं पाणी उतरलं ना, भाऊ," काका म्हणाले. "पट्टा मेला होता. तुमी त्याले जिता समजून घासून राहिले."

नवा बेल्ट लावला असता तर दीडशे-दोनशे रुपये गेले असते. ते वाचवायला गेलो आणि सुरी गेली.

'पाणी' म्हणजे काय, ते आधी पाहू. पोलाद साधारण ८५० अंशांपर्यंत लाल करून तेलात बुडवलं की ते काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ होतं. मग २०० अंशांच्या आसपास तासभर शेकून ठिसूळपणा कमी करतात. सुरीची धार टिकते ती या दोन पायऱ्यांवर. नंतर घासताना पात्याचा एखादा भाग ३०० अंशांपर्यंत गेला, तर तिथे आपोआप जास्तीचं शेकणं होतं आणि पोलाद नरम पडतं. रंग हा त्याचा पुरावा. तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा अतिपातळ थर चढतो. तो जसजसा जाड होतो, तसा परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो: २२० अंशांना पेंढ्यासारखा पिवळा, २६० ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर दिसतात तेच हे रंग. डाग पॉलिश करून काढता येतो, पण उतरलेलं पाणी पॉलिशनं चढत नाही.

आता बेल्ट मरतो म्हणजे नेमकं काय होतं? कापडावर राळेनं चिकटवलेले हजारो टोकदार कण, म्हणजे बेल्ट. कारखान्यात हे कण विजेच्या दाबानं वर उडवून कापडावर रोवतात, म्हणून ते आडवे न पडता दातांसारखे उभे राहतात. ताजा कण पोलादात घुसतो आणि त्याचा बारीक कीस काढतो. भिंगाखाली हा कीस लेथवरच्या किसासारखाच वळलेला दिसतो. त्यातला बराचसा हवेत पेट घेतो, त्या आपल्या ठिणग्या. महत्त्वाचं म्हणजे हा कीस जाताना उष्णता सोबत घेऊन जातो. कणाचं टोक बोथटलं की तो कापायचं सोडून नुसता घासतो. कीस निघत नाही, मोटर मात्र तितकीच वीज खाते, आणि उष्णतेला जायला पात्याशिवाय जागा उरत नाही.

किती उष्णता, याचा कागदावर हिशेब करून पाहिला. अडीचशे ग्रॅमचं पातं उन्हाळ्यातल्या ४० अंशांवरून १८० पर्यंत, म्हणजे शेकण्याच्या २०० अंशांच्या जवळ न्यायला सुमारे १७ हजार ज्यूल लागतात. दीड अश्वशक्तीची मोटर पूर्ण जोरात सेकंदाला अकराशे ज्यूल देते. म्हणजे सगळी उष्णता पात्यातच राहिली, तर सोळा सेकंद पुरे. आणि हे झालं अख्ख्या पात्याचं. टोकाशी दोन-तीन ग्रॅमच पोलाद असतं, तिथे डोळ्याचं पातं लवेपर्यंत काम तमाम. म्हणून दर फेरीनंतर पातं बादलीत बुडवायचं. आमच्याकडे मे महिन्यात बादलीतलं पाणीही कोमट असतं आणि 'नागपुरात उन्हाळ्यात पातं घासू नये' असं सांगणारे भेटतात. वीस अंशांच्या पाण्याऐवजी पस्तीस अंशांचं आहे म्हणून पातं जळत नाही, ते बोथट बेल्टनं जळतं. मे महिन्यात जळतो तो घासणारा.

कणांकडे वळू, कारण सगळा पैसा तिथेच आहे.

सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा तो तपकिरी अॅल्युमिनियम ऑक्साइड. बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून करतात. निसर्गात हाच पदार्थ कुरुंद म्हणून सापडतो. इंग्रजीतला 'कोरंडम' शब्द आपल्याच देशातल्या कुरुंद-कुरुविंद या शब्दांवरून गेलेला. माणिक आणि नीलम हेही रासायनिकदृष्ट्या कुरुंदच, फक्त रंगीत. भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय ज्या शहरात आहे, तिथल्या लोकांना काचकागदाच्या दुकानात उभं राहून हे आठवायला हरकत नाही.

दुसरा, काळा सिलिकॉन कार्बाइड. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन याला विजेच्या भट्टीत हा सापडला. कार्बन आणि कोरंडम यांचं संयुग असावं असं वाटून त्यानं 'कार्बोरंडम' नाव ठेवलं. समजूत चुकीची होती, नाव मात्र टिकलं. हा कुरुंदापेक्षा कठीण, म्हणजे पोलादाला जास्त चांगला असायला हवा ना? उलट आहे. वेगानं घासताना कणाच्या टोकाशी तापमान इतकं चढतं, की लोखंड त्यातल्या कार्बन-सिलिकॉनशी रासायनिक झटापट करून कणच खाऊन टाकतं. काच, दगड, हाडाची मूठ यांना तो उत्तम. हातानं पाणी लावून घासताना तापमान चढत नाही, म्हणून पेंटर लोकांचा काळा वॉटर पेपर पात्यालाही छान चालतो.

तिसरा झिर्कोनिया, म्हणजे अॅल्युमिना (तोच अॅल्युमिनियम ऑक्साइड) आणि झिर्कोनियम ऑक्साइड एकत्र वितळवून झटकन थंड केलेला चिवट कण. आणि चौथा सिरॅमिक, ज्याच्या किमतीनं पहिल्यांदा छातीत धस्स होतं.

सिरॅमिकही मुळात अॅल्युमिनाच, पण वितळवलेला नाही. रासायनिक जेलपासून भाजून केलेला. थ्रीएम कंपनीनं तो १९८१ मध्ये बाजारात आणला. साधा वितळवलेला कण खडीसाखरेच्या खड्यासारखा असतो: फुटला तर मोठा तुकडा उडतो, नाही फुटला तर टोक गोल होऊन बसतो. सिरॅमिक कण मोतीचुराच्या लाडवासारखा, एक मायक्रॉनहून लहान स्फटिकांचा. दाब पडला की कडेचा भुगा तेवढा सुटतो आणि खाली नवी धार उघडी पडते. तो स्वतःला घासता घासता धार लावून घेतो.

यात 'दाब पडला की' हे शब्द विसरू नका, कारण विकणारा ते सांगत नाही. दाब आणि वेग नसेल तर हा महाग कण फुटतच नाही, गुळगुळीत होतो आणि चकाकायला लागतो. वेगाचा हिशेब सोपा आहे. बेल्ट फिरवणारी १०० मिलिमीटर व्यासाची चाकी मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरवर बसवली, तर बेल्ट सेकंदाला साडेसात मीटर पळतो. २८८० फेऱ्यांवर १५ मीटर, आणि चाकी १५० ची केली तर साडेबावीसच्या पुढे. मित्राच्या शेडमधलं यंत्र साडेसातवालं, त्यात मोटर अर्ध्या अश्वशक्तीची. जरा जोर लावला की ती कण्हायची. तिच्यावर सिरॅमिक लावणं म्हणजे लुनाला विमानाचं पेट्रोल.

तर मग बेल्ट निवडायचा कसा? छापील किमतीवर नाही. पातं दीडशे मिलिमीटर लांब, पस्तीस रुंद आणि चार जाड धरा. मणक्याकडून, म्हणजे पात्याच्या जाड पाठीकडून, धारेकडे अर्धा मिलिमीटर जाडी उरेपर्यंत उतार द्यायचा, तर सुमारे ७२ ग्रॅम पोलाद भुगा करावं लागतं. तुम्ही विकत घेता ते हे: ७२ ग्रॅम भुगा. आकडे समजण्यापुरते धरू. साधा ३६ नंबरचा बेल्ट (नंबर जितका मोठा, तितका कण बारीक) दीडशे रुपयांना आणि तो ६० ग्रॅम काढून मेला, तर ग्रॅमला अडीच रुपये, सुरीला १८०. सिरॅमिक पाचशेला आणि त्यानं ४०० ग्रॅम काढलं, तर ग्रॅमला सव्वा रुपया, सुरीला ९०. महाग बेल्ट निम्म्यात पडला. पण तोच सिरॅमिक कमजोर मोटरवर १२० ग्रॅमनंतर चकाकला, तर सुरीला ३०० रुपये. बेल्ट तोच, दुकान तेच. म्हणून 'कोणता बेल्ट स्वस्त' हा प्रश्न यंत्र सांगितल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

तुमचा आकडा काढायला सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा पुरतो. दर दोन मिनिटांनी पातं पुसून वजन करायचं आणि कमी झालेले ग्रॅम बेल्टच्या आतल्या कापडावर पेन्सिलीनं लिहायचे. सुरुवातीला आकडे मोठे येतात, मग उतरत जातात. डोळ्याला अजून ठिणग्या दिसत असतात, म्हणून आपण म्हणतो, चालतोय की! काटा मात्र भीड ठेवत नाही.

आणि मेलेला बेल्ट फुकट नसतो. तासाचे २४० रुपये धरा, मिनिटाचे चार. नवा साधा बेल्ट मिनिटाला पाच ग्रॅम काढत असेल, तर ग्रॅममागे वेळेचे ऐंशी पैसे आणि बेल्टचे अडीच रुपये, मिळून तीन रुपये तीस. मेलेला मिनिटाला एकच ग्रॅम काढतो. त्याची किंमत शून्य धरली तरी ग्रॅमला चार रुपये. जळालेल्या टोकाचे वेगळे. मी आता पोलाद निघण्याचा वेग निम्म्यावर आला की बेल्ट उतरवतो. हौशी माणूस आपल्या वेळेची किंमत शून्य धरतो हे मला मान्य आहे, मीही धरायचो.

उतरवलेला बेल्ट टाकायचा मात्र नाही. भट्टीतून आलेल्या पात्यावर काळी खवलं असतात, ती काचेसारखी कठीण. नवा बेल्ट त्यांच्यावर लावणं हा शुद्ध वेडेपणा. पातं रात्रभर किराण्यातल्या व्हिनेगरमध्ये ठेवलं की खवलं सुटतात, राहिलेली जुन्या बेल्टनं काढायची. मुठीच्या लाकडालाही तोच चालतो, पण आधी यंत्राखालचा लोखंडी भुगा झाडून घ्या. ठिणगी आणि लाकडाचा भुसा एकत्र आले की आग लागते. नाकातोंडाला चांगला मास्क हवाच.

पैसा कुठे घालायचा, तर भरड बेल्टमध्ये. ७२ पैकी बहुतेक ग्रॅम तिथेच जातात. पी ३६ चा, म्हणजे ३६ नंबरचा, कण सरासरी ५३८ मायक्रॉनचा, पी १२० चा १२५, पी ४०० चा ३५. वरच्या नंबरांकडे चढलं की काढायचं पोलाद उरतच नाही, फक्त आधीचे ओरखडे पुसायचे असतात, त्याला साधा अॅल्युमिनियम ऑक्साइड भरपूर झाला. ३६ नंतर सरळ १२० लावला, तर खोल ओरखडे काढण्यात चार बेल्ट जातील, मधला ६० घ्याच. बेल्टच्या रंगावर जाऊ नका. निळा म्हणजे झिर्कोनिया, केशरी म्हणजे सिरॅमिक हा फक्त रंगवण्याचा रिवाज आहे, कण कोणता ते रंग सांगत नाही. इतवारीत, लोहाओळीत रोलमधून मापाचा बेल्ट कापून जोडून देतात तेव्हा जोड बोटानं चाचपा. तिथे उंचवटा असेल, तर प्रत्येक फेरीला पात्यावर टक-टक बसेल. कापड एकावर एक चढवून जोडलेलं असेल, तर आतला फिरण्याची दिशा दाखवणारा बाण बघूनच बेल्ट चढवा.

राहिली साठवण. एका मेमध्ये मी शेडच्या खिडकीत कूलर बसवला, वाळ्याच्या ताट्या वगैरे लावून, आणि समोरच्या भिंतीवर बेल्ट टांगलेले. आठवड्यात सगळे कडेनं आत वळले, पन्हाळीसारखे. कापड आणि राळेचा थर ओलाव्यानं वेगवेगळे फुगतात. बाहेरच्या कोरड्या झळांनी नेमकं उलटं होतं, कापड कडक होऊन जोड तडकतो. आता बेल्ट झाकणाच्या ड्रममध्ये, जाड पाइपाच्या तुकड्यावर टांगलेले असतात. खिळ्यावर टांगले तर घडी पडते.

त्या सुरीचं निळं टोक मी कापून टाकलं, दीड सेंटिमीटर. घरी ती संत्री कापायला आहे.