लहान मुलांतील पायाचे अस्थिभंग आणि छळाची पडताळणी

अजून चालू न लागलेल्या बाळाच्या मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडले, तर उपचारांबरोबरच ते मोडले कसे याचाही छडा लावावा लागतो. कुशीवर वळताना हाडावर एवढा जोर येत नाही. अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीच्या सूचनेनुसार ३६ महिन्यांखालील मुलाच्या मांडीचे हाड मध्यभागी मोडले असल्यास छळाच्या शक्यतेची तपासणी व्हावी. या विषयाकडे वैद्यकाचे लक्ष वेधले ते बालकांच्या एक्स-रेचे तज्ज्ञ जॉन कॅफी यांच्या १९४६ च्या आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प व सहकाऱ्यांच्या १९६२ च्या लेखांनी.

हाडाला सर्पिल, म्हणजे हाडाभोवती तिरकी फिरत जाणारी, भेग दिसली की कुणीतरी पाय पिरगाळला, असे पूर्वी सर्रास मानले जाई. हा निष्कर्ष घाईचा आहे. अशा भेगेवरून हाडाला पीळ बसला एवढेच कळते, तो कुणी दिला हे नाही. नुकते चालू लागलेले मूल पाय मुडपून पडले तरी नडगीला तशीच बारीक भेग जाते. तिला ‘टॉडलर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. घसरगुंडीवर मोठ्या माणसाच्या मांडीवर बसलेल्या मुलाचा बूट कडेला अडकतो, वरचे वजन खाली सरकत राहते आणि नडगी मोडते. सांभाळण्यासाठीच मांडीवर घेतलेले असते, हे विशेष.

याउलट वर्षाखालील बाळात गुडघ्याजवळ किंवा घोट्याजवळ हाडाच्या वाढत्या टोकाचा टवका उडालेला दिसला, तर संशय बळावतो. पाय हिसडल्याने किंवा पिळल्याने ही इजा होते.

हकिगत बारकाईने विचारतात: मूल किती उंचीवरून पडले, कुणी पाहिले, नंतर पाय टेकवत होते का. सांगणे दरवेळी बदलत असेल किंवा मुलाच्या वयाला न जुळणारे असेल, तर त्याची नोंद होते. दवाखान्यात उशिरा आणणे मात्र एकट्याने पुरावा ठरत नाही. बारीक भेगेत मूल नुसते लंगडते.

संशय असल्यास दोन वर्षांखालील मुलाच्या सर्व हाडांचे वेगवेगळे एक्स-रे काढतात. अख्खे बाळ एकाच फिल्मवर घेणे पुरेसे नसते. ताज्या भेगा निसटतात, म्हणून सुमारे दोन आठवड्यांनी, भरून येणारे हाड दिसू लागल्यावर, एक्स-रे पुन्हा काढतात. मुडदूस, अपुऱ्या दिवसांच्या बाळांची कमकुवत हाडे आणि ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा हा हाडे ठिसूळ करणारा आनुवंशिक आजारही तपासावा लागतो. असा आजार निघाला तरी छळाची शक्यता आपोआप निकालात निघत नाही. घरात जुळे किंवा दुसरे तान्हे भावंड असल्यास त्याचीही तपासणी करतात.