संयुक्त निवेदनातला कांदा : शेजारी देशांचे दौरे आणि न्हावा शेवा (पार्श्वभूमी)

शेजारच्या देशाचे पंतप्रधान किंवा राष्ट्राध्यक्ष दिल्लीत येऊन गेले की संयुक्त निवेदन निघतं. त्यात नदीचं पाणी, सीमा आणि वीज यांच्यानंतर कुठेतरी जीवनावश्यक वस्तूंच्या पुरवठ्याचा परिच्छेद असतो. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातले निर्यातदार आणि न्हावा शेवा बंदराजवळच्या द्रोणागिरीतले, मालाची सीमाशुल्काची कामं करणारे क्लिअरिंग एजंट शोधतात तो नेमका हाच परिच्छेद. २०१९ पासून या परिच्छेदाचं प्रत्यक्षात काय झालं, ते समजल्याशिवाय पुढच्या दौऱ्यांकडून काय मिळेल याचा अंदाज बांधता येत नाही.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९७४ पासून कांद्याची निर्यात एका सहकारी संस्थेच्या हाती दिली गेली आणि पुढची अनेक वर्षं तिच्या परवानगीशिवाय गोणी हलत नव्हती. १९८१ मध्ये मालदीवशी व्यापार करार झाला. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं. या तिन्हींपैकी मालदीवच्या कराराकडे इथे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. देश लहान, माल थोडा, हे त्याचं कारण. पण पुढे सगळ्यात टिकाऊ ठरला तो हाच करार.

२९ सप्टेंबर २०१९ ला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर सरसकट बंदी घातली. चारच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान दिल्लीत आल्या. उद्योजकांपुढे बोलताना त्या म्हणाल्या, की मी आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलंय; आधी कळवलं असतं तर दुसरीकडून सोय केली असती. सभागृहात हशा पिकला, पण मागणी गंभीर होती आणि रास्तही होती. बंदी घालू नका, असं त्या म्हणत नव्हत्या, फक्त आगाऊ सूचना मागत होत्या. त्या हिवाळ्यात ढाक्यात कांदा किलोला २०० टक्यांच्या पुढे गेला आणि विमानाने आणावा लागला. इकडे भारतानेही तुर्कस्तान आणि इजिप्तचा कांदा न्हावा शेव्यात उतरवला. तो बराचसा राज्यांनी उचललाच नाही.

वर्षही उलटलं नव्हतं, तोच १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी आली, तीही एका रात्रीत. त्या अधिसूचनेत वाटेवरच्या मालाला सहसा मिळणारी सवलतही नव्हती. बांगलादेश सीमेवरच्या घोजाडांगा आणि पेट्रापोलच्या नाक्यांवर ट्रक उभे राहिले आणि बंदरात कंटेनर अडकले. दोन मित्रदेशांत आधी झालेल्या समजुतीला यामुळे तडा गेला, असं पत्र ढाक्याने पाठवलं. काही दिवसांनी वाटेवरच्या २५,००० टन मालाला बांगलादेशपुरती मोकळीक मिळाली, पण तोवर ताडपत्रीखालचा बराच कांदा पाणी सोडू लागला होता.

कांद्याला चार दिवसांचा खोळंबा एवढा महाग का पडतो, हे कागदावरून दिसत नाही. उन्हाळी कांदा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये, चार ते सहा महिने टिकतो, कारण चाळीला खालून-बाजूने वारा असतो. खरिपाचा लाल कांदा मुळातच काही आठवड्यांचा. निर्यातीआधी गाळ्यावर गोणी ओतून डेंगळे (फुलाचा दांडा आलेला कांदा), जोडकांदा, मोड आलेला, काजळी (काळी बुरशी) धरलेला आणि गोल्टी (बारीक कांदा) बाजूला काढतात. मग माल पुन्हा भरून शिवतात. चाळीस फुटी रीफर, म्हणजे शीतकरणाची सोय असलेल्या कंटेनरमध्ये साधारण २८-२९ टन बसतो आणि हवेचे झरोके उघडे ठेवावे लागतात. ते बंद राहिले किंवा वीजजोडणीविना कंटेनर यार्डात पडून राहिला, की आत घाम धरतो. आधी मधल्या थरांना मानेकडून सड लागते आणि तिथून ती शेजारच्या गोणीत जाते. असा माल परत वाशीत आणला तर फेरनिवडीची मजुरी, दुहेरी भाडं आणि घट वजा जाऊन हाती फार थोडं उरतं. त्यातही सप्टेंबरचा कांदा म्हणजे चाळीतला शेवटचा. दोन्ही बंद्या नेमक्या त्याच महिन्यात आल्या.

त्यामुळे बंदीच्या अधिसूचनेत आधी संक्रमणाचं कलम, म्हणजे वाटेवरच्या मालाला सवलत देणारं कलम वाचायचं असतं. ८ डिसेंबर २०२३ च्या बंदीत ते होतं. अधिसूचनेआधी जहाजात भरणं सुरू झालेलं असेल, किंवा शिपिंग बिल (सीमाशुल्काकडे द्यायचा निर्यातीचा अर्ज) दाखल असून जहाज धक्क्याला लागलेलं वा नांगर टाकून उभं असेल, किंवा माल सीमाशुल्काच्या ताब्यात जाऊन त्यांच्या संगणकात नोंदला गेलेला असेल, तर तो सुटतो. फायटो प्रमाणपत्र (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) हातात आहे पण कंटेनर उरण फाट्यावरच्या रांगेत आहे, तर नाही. पैसे घेऊन बसलेल्या निर्यातदाराला ही रेघ अन्यायाची वाटते. तरीही २०२० पेक्षा हे बरंच बरं होतं, एवढं मान्य करायला हवं.

वादाचा खरा मुद्दा आहे तो २०२३-२४ चा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याखाली माल पाठवता येत नाही) आणि डिसेंबरात पूर्ण बंदी, असा तो क्रम. बंदी चालू असतानाच केंद्राने मित्रदेशांना ठरावीक माल द्यायचं ठरवलं. मार्चमध्ये बांगलादेशला ५०,००० टन मंजूर झाले आणि त्यातली १,६५० टनांची पहिली खेप गेली. एप्रिलअखेर सहा देशांसाठी एकूण ९९,१५० टनांची यादी जाहीर झाली : बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका. हे काम केंद्राने नेमलेल्या एकाच संस्थेकडे होतं. ती ई-निविदेतल्या सर्वांत कमी दराने कांदा घ्यायची आणि समोरच्या सरकारने नेमलेल्या संस्थेला वाटाघाटीच्या दराने, संपूर्ण रक्कम आगाऊ घेऊन द्यायची.

परराष्ट्र धोरण म्हणून पाहिलं तर यात चूक काढता येणार नाही. रमजानच्या काळात शेजाऱ्याला माल मिळाला. पण ही मैत्री कुणाच्या खर्चाने झाली, हा प्रश्न लासलगाव-पिंपळगावपासून वाशीपर्यंत विचारला गेला आणि तो विचारणं योग्यच होतं. खुली विक्री बंद, खरेदी सर्वांत कमी दराने आणि विक्री बोलणी करून, अशा रचनेत मधला फरक शेतकऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाटच ठेवलेली नव्हती. त्यातच २५ एप्रिलला गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला मुंद्रा, पिपावाव आणि न्हावा शेवा इथून परवानगी मिळाली, आणि लाल कांद्याच्या पट्ट्यात भडका उडाला. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क राहिलं. म्हणजे ७७० डॉलर. तेव्हाच्या ८३ रुपयांच्या डॉलरने किलोला सुमारे ६४ रुपये. या भावात पाकिस्तानी कांद्यापुढे आखातात उभं राहणं कठीणच होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही शून्य झालं.

बंदीच्या याच काळात मालदीवचं काय चाललं होतं, ते पाहण्यासारखं आहे. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या उपमंत्र्यांच्या वक्तव्यांवरून संबंध बिघडले होते, भारतीय सैनिक माघारी बोलावण्याची मुदत चालू होती. तरीही ५ एप्रिलला १९८१ च्या करारानुसार २०२४-२५ चा कोटा जाहीर झाला : कांदा ३५,७४९ टन, तांदूळ १,२४,२१८ टन, अंडी ४२ कोटी ७५ लाखांवर. कांद्याचा आकडा आदल्या वर्षापेक्षा पाच टक्क्यांनी जास्त होता. शिवाय या मालाला तेव्हाच्या आणि पुढे येणाऱ्या सगळ्या निर्यातबंद्यांतून सूट होती. माल फक्त चार ठिकाणांहून जाणार होता आणि त्यात न्हावा शेवा होतं. त्यांचे राष्ट्राध्यक्ष दिल्ली-मुंबईला आले ते ऑक्टोबरात, म्हणजे कोटा आधी आणि दौरा नंतर.

बांगलादेशनेही असंच काहीतरी मागितलं होतं. सप्टेंबर २०२२ च्या दौऱ्यात तांदूळ, गहू, साखर, कांदा, आलं आणि लसूण यांच्या भरवशाच्या पुरवठ्याची विनंती संयुक्त निवेदनात नोंदवली गेली. उत्तर होतं : भारतातली उपलब्धता पाहून अनुकूल विचार करू. आकडा नाही, मुदत नाही, आगाऊ सूचनेचं बंधनही नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्ता बदलली. मे २०२५ मध्ये भारताने तिथल्या तयार कपड्यांना जमिनीवरचे नाके बंद करून न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरं उघडी ठेवली. कांद्याच्या बाबतीत आता किल्ली उलट बाजूला आहे. निर्यात मोकळी असली तरी बांगलादेश आपल्या शेतकऱ्याचा हंगाम आणि ढाक्यातला भाव पाहूनच आयात परवाने देतो, आणि हवे तेव्हा थांबवतो. त्यामुळे तिकडच्या आयातदाराच्या नावाचा परवाना, त्यावरचं वजन आणि मुदत हातात आल्याशिवाय गोण्या भरायला घेऊ नयेत. परवान्याची मुदत संपल्यावर नाक्यावर पोहोचलेल्या ट्रकला २०२० इतकीच वाट पाहावी लागते.