लिनक्सला म्युझिक प्लेअर जोडताना

लिनक्स असलेल्या लॅपटॉपला म्युझिक प्लेअर जोडला आणि स्क्रीनवर काहीच उमटलं नाही, तर ड्रायव्हर शोधत बसू नका. आधी केबल बदला. यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. दादर किंवा कुर्ला स्टेशनबाहेर मिळणाऱ्या काही स्वस्त केबल्समध्ये डेटाच्या तारा नसतातच. प्लेअर चार्ज होतो, बॅटरीचं चिन्ह हलतं, त्यामुळे केबलवर कुणाचा संशय जात नाही.

खात्री करायला टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ हा आदेश एकदा प्लेअर न जोडता आणि एकदा जोडून द्या. दुसऱ्या यादीत एक ओळ वाढली तर केबल ठीक. नाही वाढली तर दोष केबलचा किंवा पोर्टचा. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने पोर्टच्या पिनांवर हिरवट थर चढू शकतो. प्लेअर बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ ब्रशने तो निघतो.

ओळ वाढली, तरी ड्राइव्ह दिसत नाही? मग बहुतेक मामला मोडचा आहे. प्लेअर संगणकाशी दोन प्रकारे बोलतो. मास स्टोरेज, म्हणजे एमएससी मोडमध्ये तो आपली सगळी मेमरी संगणकाच्या ताब्यात देतो आणि पेन ड्राइव्हसारखा वागतो. एमटीपी मोडमध्ये मेमरीचा ताबा प्लेअरकडेच राहतो; संगणकाने फाइल मागायची, प्लेअरने द्यायची. ही पद्धत मायक्रोसॉफ्टने कॅमेऱ्यातून फोटो काढून घेण्याच्या पीटीपी या पद्धतीवरून बेतली. तिच्यात एका वेळी एकच काम होतं, आणि फाइलमधला टॅग, म्हणजे गाण्याचं नाव-गायक वगैरे माहिती, बदलायचा तर सहसा अख्खी फाइल पुन्हा पाठवावी लागते. लिनक्सवर हे काम लिबएमटीपी ही लायब्ररी करते आणि बरं करते. पण फाइल मॅनेजरने प्लेअर आधीच उघडलेला असेल, तर दुसऱ्या प्रोग्रामला तो ‘बिझी’ दिसतो. आधी तिथून अनमाउंट करा, म्हणजे प्लेअरशी असलेली जोडणी सोडवा. सॅनडिस्कच्या सान्सा क्लिपसारख्या प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड निवडता येतो. तो ‘ऑटो’वर न ठेवता एमएससीवर ठेवा, निम्मी कटकट तिथेच संपते.

प्लेअरसाठी मेमरी कार्ड विकत घेत असाल, मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून असो की फूटपाथवरून, तर गाणी भरण्याआधी ते ‘एफ३’ या प्रोग्रामने तपासा. नकली कार्ड ६४ जीबी असल्याचं सांगतं, आत चिप असते ८ जीबीची. ८ जीबी भरेपर्यंत सगळं सुरळीत वाटतं, पुढची गाणी मात्र हरवतात किंवा जुन्यांवर लिहिली जातात. एफ३ पूर्ण कार्ड भरून परत वाचून पाहतो, म्हणून त्याला वेळ लागतो. तो द्यावा.

३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात आणि जुन्या प्लेअरना फक्त फॅट३२ कळतं. जीपार्टेड या प्रोग्राममध्ये कार्ड फॅट३२ करून घ्या. ‘फॉरमॅट’ दाबण्यापूर्वी वरच्या यादीतला आकार वाचा. कार्डाऐवजी लॅपटॉपची डिस्क निवडली गेली तर सगळंच जातं.

आता सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: गाणी उलटसुलट क्रमाने का वाजतात? फॅटच्या फोल्डरमध्ये फाइलींची नावं ज्या क्रमाने लिहिली गेली त्याच क्रमाने राहतात, आणि साधे प्लेअर नावं अक्षरांप्रमाणे न लावता तोच क्रम पकडतात. दुसरीकडे लिनक्सच्या डिस्कवरचा ईएक्सटी४ हा फॉरमॅट मोठ्या फोल्डरमधली नावं हॅशच्या, म्हणजे नावावरून काढलेल्या एका आकड्याच्या, क्रमाने देतो. अख्खं फोल्डर एका आदेशात कॉपी केलं की हा विस्कटलेला क्रम जसाच्या तसा कार्डावर उतरतो. हरिपाठाचे अभंग किंवा आरत्यांचा संच असेल तर ऐकताना हे फार खुपतं. उपाय सोपा आहे. नावांच्या सुरुवातीला ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक इंग्रजी आकड्यांत घाला, नाहीतर १० हा २ च्या आधी येतो. कॉपी झाल्यावर कार्ड अनमाउंट करून त्या पार्टिशनवर ‘फॅटसॉर्ट’ हा प्रोग्राम चालवा. तो फक्त नोंदींचा क्रम लावतो, गाण्यांना हात लावत नाही.

मराठी नावांचा घोळ वेगळा. एमपी३ मधला जुना आयडी३ आवृत्ती १ चा टॅग शीर्षकाला फक्त ३० बाइट देतो, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘ज्ञानेश्वर’ या एका नावात अशी १० चिन्हं आहेत. तेवढ्यात ३० बाइट संपले, ‘माउली’ला जागाच उरली नाही. म्हणून आवृत्ती २.३ वापरा, मजकूर यूटीएफ-१६ मध्ये. २.४ नवी असली तरी बरेच जुने प्लेअर ती वाचत नाहीत. किड३ किंवा ईझीटॅग या टॅग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये एकदा सेटिंग केलं की शेकडो गाणी एका दमात बदलतात. तरीही चौकोन दिसले तर प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही. तिथे रोमन टॅग देण्यावाचून इलाज नाही.

आयपॉडवर मात्र नुसती फाइल टाकून भागत नाही. त्याचा मूळ फर्मवेअर, म्हणजे प्लेअर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, फोल्डर न पाहता स्वतःचा डेटाबेस वाचतो, तो लिबजीपॉड ही लायब्ररी वापरणाऱ्या रिदमबॉक्ससारख्या प्रोग्रामने भरावा लागतो. २००७ च्या क्लासिकपासून त्या डेटाबेसला पडताळणीचा हॅशही लागतो. तो चुकला की आयपॉड ‘गाणी नाहीत’ म्हणतो. मॅकवर फॉरमॅट केलेला, जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवण्याची सोय) असलेला आयपॉड लिनक्सवर फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. या सगळ्यातून सुटायचं तर रॉकबॉक्स हा मुक्त फर्मवेअर घाला. तो सरळ फोल्डर वाचतो, फ्लॅक आणि ऑग प्रकारच्या फाइलीही वाजवतो, आणि दृष्टिहीनांसाठी मेन्यू बोलून दाखवतो. ही सोय कारखान्यातून आलेल्या फर्मवेअरमध्ये क्वचितच मिळते.

कॉपीची पट्टी पूर्ण झाली म्हणून केबल ओढू नका. लिनक्स आधी रॅममध्ये लिहितं आणि कार्डावर सावकाश उतरवतं. ‘इजेक्ट’ दाबा आणि काढायला हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबा. घाईत ओढलीच, तर पुढच्या वेळी कार्ड अनमाउंट ठेवून त्यावर ‘एफएससीके’ हा दुरुस्तीचा आदेश चालवा. दुरुस्तीनंतर ‘एफएससीके’ने सुरू होणाऱ्या, शेवटी ‘आरईसी’ असलेल्या फाइली दिसल्या तर ते अर्धवट उतरलेल्या गाण्यांचे तुकडे आहेत. ते पुसून ती गाणी पुन्हा कॉपी करा.